पडवीतला ड्रायर आणि आईचा खोकला

कोकणातल्या वाचकांना पावसाळ्यातील कपड्यांची कथा नव्याने सांगायला नको. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टॉवेल तीन-तीन दिवस दोरीवर लोंबत राहतो, चौथ्या दिवशी त्याला कुबट वास सुटतो आणि नाइलाजाने आपण तोच वापरतो. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात गजकर्णाचे रुग्ण वाढतात. मांडीच्या सांध्यात, कमरेला नाडीच्या जागी लाल, खाजरे चट्टे. "कपडा पूर्ण वाळल्याशिवाय अंगात घालू नका," असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि सांगताना मला ओशाळल्यासारखे होई. घराबाहेरच्या हवेतच इतकी आर्द्रता असताना या माणसाने कपडे वाळवायचे तरी कुठे?

आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर म्हणून चार वर्षांपूर्वी विजेवर चालणारा ड्रायर आला. मागची पडवी काचा लावून बंद केलेली आहे, तिथे भिंतीशी तो ठेवला. त्याची गरम, ओली हवा भिंतीतल्या भोकातून नळीने बाहेर जाते. पडवीला लागूनच आईची खोली. आईचे वय आता ७९, दमा जुना. पण सकाळ-संध्याकाळच्या इन्हेलरवर तो कित्येक वर्षे आटोक्यात होता.

यंत्रदुरुस्ती हा माझा विषय नव्हे. तरीही ड्रायरचे बिघाड कसे ओळखावेत यावर हा लेख लिहितो आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या ड्रायरच्या बिघाडाशी आईचा आजार जोडलेला होता आणि तो धागा मला, घरात डॉक्टर असूनही, कित्येक आठवडे दिसला नाही. तुमच्या घरी ड्रायर असेल तर यातले बरेचसे थेट उपयोगी पडेल. नसेल, तरी शेवटचा भाग जरूर वाचा.

यंत्र नेमके करते काय?

एक गोष्ट आधी समजून घ्या. ड्रायर पाणी नाहीसे करत नाही. तो ते कपड्यांतून हवेत नेतो आणि ती हवा घराबाहेर सोडतो. वॉशिंग मशीनमध्ये पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांतही साधारण अडीच ते तीन लिटर पाणी उरलेले असते. मोटर पट्ट्याच्या साहाय्याने ड्रम फिरवते, हीटर हवा तापवतो, पंखा ती कपड्यांतून खेचतो आणि नळीवाटे बाहेर ढकलतो. वाटेत एक गाळणी असते. कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, म्हणजे लिंट, तिच्यात अडकतात. सगळे नाही, काही पुढे नळीत जातातच.

हीटरवर लक्ष ठेवायला थर्मोस्टॅट असतो. हवा ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की तो हीटर बंद करतो, निवली की पुन्हा सुरू करतो. त्याच्याही पलीकडे, अखेरचा पहारेकरी म्हणून, थर्मल फ्यूज असतो. उष्णता धोक्याच्या पातळीला पोहोचली की तो एकदाच उडतो आणि कायमचा उडतो. फ्यूज उडाला म्हणजे बहुतेक वेळा त्याने आपले काम चोख केलेले असते. चूक दुसरीकडे कुठे तरी असते, आणि सर्वांत जास्त वेळा ती हवेच्या वाटेत असते.

आमच्याकडे काय घडले

जूनच्या अखेरीस पत्नी म्हणाली, "अहो, पूर्वी तासा-सव्वा तासात वाळणारे कपडे आता अडीच तास घेतात." मी म्हटले, "हवाच दमट आहे." त्याच आठवड्यात आई म्हणाली, "अरे, मशीनच्या मागून कुबट वास येतो रे." मी म्हटले, "पावसाळा आहे, आई." दोन्ही तक्रारींना मी एकच उत्तर दिले आणि एकदाही मशीनच्या मागे डोकावून पाहिले नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रम फिरू लागला, पण कपडे थंडगार आणि ओलेच राहिले. तंत्रज्ञ आला, फ्यूज बदलून पंधरा मिनिटांत गेला. त्याच सुमारास आईचा खोकला सुरू झाला. रात्री दोन-तीनच्या सुमारास ती उठून बसे. छातीत घरघर ऐकू येई. मी इन्हेलरची मात्रा वाढवली, नेब्युलायझर दिला, क्ष-किरण तपासणी केली. ती स्वच्छ आली. शेवटी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्याही द्याव्या लागल्या. जुलैच्या अखेरीस ती बहिणीकडे पुण्याला गेली आणि चौथ्या दिवसापासून रात्रभर शांत झोपू लागली. माझ्या औषधाला गुण आला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आठवड्याने ती परत आली आणि तिसऱ्या रात्री खोकला पुन्हा सुरू झाला.

घर सोडले की बरे वाटणे आणि घरी आले की पुन्हा त्रास होणे, हे लक्षण आम्हाला महाविद्यालयात शिकवलेले असते. दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल कुणी मला असे सांगितले असते, तर मी लगेच विचारले असते, "घरात काय आहे?"

ऑगस्टमध्ये फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. तंत्रज्ञ या वेळी म्हणाला, "डॉक्टर, सारखा खर्च कशाला? फ्यूज डायरेक्ट करून टाकतो. मग तो पुन्हा उडणारच नाही." म्हणजे दोन वायरी थेट जोडून फ्यूजच काढून टाकायचा. माणूस मनाने वाईट नव्हता, त्याला माझे पैसेच वाचवायचे होते. पण त्याचे ते वाक्य ऐकताच मी चपापलो. खोकल्याचे औषध वाढवत नेऊन मी आईच्या बाबतीत दुसरे काय करत होतो? तक्रार गप्प करायची आणि कारण तसेच ठेवायचे. मी त्याला नको म्हटले आणि आमच्या ओळखीच्या जुन्या वायरमनला बोलावले.

त्याने हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा नाही. आधी विचारले, "डॉक्टर, मशीन नीट चालत होती, त्यानंतर घरात काय बदल केलात?" मी म्हटले, काहीच नाही. मग त्याने प्लग काढून मशीन पुढे ओढली. मागे नळी यंत्राच्या तोंडावरून निसटून जमिनीवर पडली होती. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपासून खिडकीपर्यंत काळी बुरशी पसरली होती आणि जमिनीवर राखाडी तंतूंचा ओलसर थर होता. ती भिंत आईच्या खोलीचीही भिंत होती.

नळी निसटली कशी, हे शोधायला आम्ही छत्री घेऊन घराबाहेर गेलो. भिंतीतल्या भोकाच्या बाहेरच्या तोंडावर डासांची बारीक जाळी ताणून बसवली होती आणि तिच्यावर आतून लिंटचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. मागे साचलेल्या दाबाने सैल बसवलेली नळी निसटली होती.

ती जाळी मीच बसवली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, डेंग्यूच्या धास्तीने, मी घराचे एकूण एक भोक जाळीने बंद केले होते आणि तिथे जाळी आहे हे विसरूनही गेलो होतो. वैद्यकात याला उपचारजन्य आजार म्हणतात: एका दुखण्यासाठी दिलेल्या औषधातून निपजलेले दुसरे दुखणे. त्यावरचा उपाय आम्हाला पाठ असतो. नवी तक्रार आली की रुग्ण सध्या काय घेतो आहे ते आधी पाहावे. मी माझी जाळी त्या यादीत कधीच धरली नव्हती.

तक्रारीवरून निदान

त्या दिवशी वायरमनकडून जे शिकलो आणि नंतर वाचून पडताळून घेतले, ते तक्रारीच्या क्रमाने सांगतो. कोणत्याही तपासणीआधी प्लग काढायचा आणि यंत्र निवू द्यायचे, हा पहिला नियम.

*यंत्र सुरूच होत नाही.* आधी साध्या गोष्टी पाहा. एमसीबी पडला आहे का? दार नीट लागले आहे का? लहान मुलांसाठीचे कुलूप चुकून सुरू झाले आहे का? दार लावताना 'टक्' असा आवाज येत नसेल तर दाराचा स्विच खराब झालेला असू शकतो. ड्रायरचा हीटर साधारण २००० ते २५०० वॉटचा असतो, म्हणजे तो ९ ते ११ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेटच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. प्लगच्या पिनांवर किंवा सॉकेटवर तपकिरी डाग दिसले, तर जोडणी तापते आहे असे समजा आणि आधी सॉकेट बदलून घ्या.

*फिरते, पण गरम होत नाही.* चुकून थंड हवेचा कार्यक्रम तर निवडला नाही ना, हे पाहा. तसे नसेल तर फ्यूज, थर्मोस्टॅट किंवा हीटर यांपैकी काही तरी गेले आहे. हे काम जाणत्या वायरमनचे. तो वीज तोडून मल्टिमीटरने तपासतो. चांगल्या फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य दिसतो. २००० वॉटच्या हीटरचा सुमारे २६ ओहम दिसायला हवा. हीटरची तार तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. तुमचे काम एवढेच, की फ्यूज बदलणाऱ्याला विचारायचे, "तो उडाला कशाने?" आणि नळी, गाळणी, बाहेरचे तोंड तपासल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचे नाही. फ्यूज 'डायरेक्ट' तर कधीच करू द्यायचा नाही.

*गरम होते, पण कपडे ओलेच राहतात.* ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि बहुतेकदा हिचा उपाय घरच्या घरी होतो. ड्रम फार तर दोन तृतीयांश भरा. कपड्यांना उलटायला-पालटायला जागा हवी. वॉशिंग मशीनमध्ये ते जास्त वेगाने पिळून घ्या, कारण हीटरने उडवण्यापेक्षा पिळून काढलेले पाणी फार स्वस्त पडते. गाळणी दर वेळी साफ करा. महिन्यातून एकदा तिच्यावर नळाचे पाणी ओतून पाहा. पाणी खाली न जाता वर थबकले, तर कपडे मऊ करण्याच्या द्रवाचा अदृश्य थर तिच्यावर बसला आहे. साबण आणि मऊ ब्रशने ती धुऊन पूर्ण वाळवा, मगच बसवा. यंत्रात ओलावा ओळखणारी पट्टी असेल तर तिच्यावरही हाच थर बसतो आणि कपडे ओले असतानाच यंत्र थांबते; व्हिनेगर लावलेल्या मऊ फडक्याने ती पुसावी. शेवटी, यंत्र चालू असताना घराबाहेर जाऊन हवेच्या तोंडापुढे तळहात धरा. गरम हवेचा जोरदार झोत लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर दोष वाटेत आहे. मी ही एक मिनिटाची तपासणी जूनमध्ये केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

*खडखड किंवा घरघर येते.* नाणे, बटण किंवा हूक अडकल्याचा आवाज वेगळा कळतो. सतत घरघर येत असेल तर ड्रमखालची चाके झिजली असावीत. मोटर गुणगुणते पण ड्रम फिरत नाही, अशा वेळी प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. तो नेहमीपेक्षा फारच हलका फिरला, तर पट्टा तुटला आहे.

*जळका वास येतो.* इथे निदानाच्या भानगडीत पडू नका. वीज तोडा आणि यंत्र तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. धूर दिसत असेल तर यंत्राचे दार उघडू नका, कारण आत ताजी हवा गेली की आग भडकते. मुख्य स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

ज्यांच्या यंत्राला बाहेर जाणारी नळी नाही, त्यांत हवेतले पाणी एका टाकीत जमा होते. ती टाकी दर वेळी रिकामी करणे आणि आतला कंडेन्सर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साफ ठेवणे, हे त्या यंत्राचे पथ्य.

धोका किती खरा?

ड्रायर आपल्याकडे अजून थोड्या घरांत आहेत. अमेरिकेत ते घरोघरी आहेत, म्हणून तिथला अनुभव पाहावा. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात निवासी इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के, यंत्र साफ न ठेवणे हे होते. लिंट म्हणजे सुटा कापूसच. हवा तुंबलेली, हीटर तापलेला आणि पहारेकरी 'डायरेक्ट' करून हटवलेला, असे तिन्ही जुळले की काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको.

आपल्या घरांसाठी आणखी दोन पथ्ये. बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातील तेलाची फडकी ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही त्यांत तेल राहते, आणि गरम कपड्यांच्या ढिगात ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकते. रेनकोट, रबरी पाठीच्या चटया, फोमच्या उशा यांनाही ड्रायर वर्ज्य. दुसरे असे, की शेवटची काही मिनिटे यंत्र थंड हवा फिरवत असते, ती मध्येच तोडू नका आणि घरातून बाहेर पडताना ड्रायर चालू ठेवू नका.

दुरुस्तीनंतर

आमच्या यंत्राचा नवा फ्यूज हा दुरुस्तीचा सर्वांत छोटा भाग ठरला. जाळी काढून तिथे हवेच्या झोताने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप बसवली. डासांना तीही आडवते. लांब, वळणावळणाची प्लॅस्टिकची नळी काढून धातूची, आखूड आणि सरळ नळी क्लॅम्पने घट्ट बसवली. आईला आठ दिवस पुढच्या खोलीत हलवले. मास्क लावून मी भिंत डिटर्जंटच्या पाण्याने घासली आणि पंखा लावून ती ठणठणीत वाळू दिली. पडवीत आर्द्रता दाखवणारे लहानसे उपकरण टांगले.

आईचा खोकला पंधरवड्यात उतरला आणि सप्टेंबरअखेर ती पुन्हा तिच्या जुन्या मात्रेवर आली. तिच्या आजाराचे सारे खापर एका भिंतीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पावसाळा हा दम्याचा हंगामच. पण घरातील ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नोंदवले आहे. निसटलेल्या नळीतून आमच्या बंद पडवीत दर खेपेला दोन-अडीच लिटर पाणी वाफ होऊन सुटत होते. आठवड्याला चार खेपा धरल्या, तर जवळजवळ एक घागर.

आता ज्यांच्याकडे ड्रायर नाही त्यांच्यासाठी. हे पाणी तुमच्याही घरात सुटते. पावसाळ्यात झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले की त्यातले सगळे पाणी त्याच खोलीच्या हवेत आणि भिंतींत जाते. शक्य तर कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नका. एक खोली किंवा गॅलरी त्यासाठी राखा, दोन कपड्यांत अंतर ठेवा, पंखा लावा आणि पाऊस उघडला की खिडक्या उघडा. अंगालगतचे कपडे वाळल्यावर इस्त्री करा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून महिन्यातून एकदा मागे पाहा. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम. कोकणच्या पावसाळ्यात ते नेहमी साधत नाही, पण भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले की थांबू नये. आणि घरातल्या कुणाचा खोकला गावाला गेल्यावर थांबत असेल, तर ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

पावसाळी खोकल्याचा रुग्ण आला की मी हल्ली एक प्रश्न न चुकता विचारतो, "तुमच्या घरी कपडे कुठे वाळत घालता?" काही जण चमकून पाहतात. काही जण उत्तर देता देता स्वतःच थबकतात.

यंदा मृगाच्या आधी मी ड्रायरची नळी काढून साफ केली आणि ती तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिली. आई दारात उभी राहून पाहत होती. मी मशीन परत जागेवर ढकलणार, तेवढ्यात ती पुढे आली, भिंतीशी वाकली आणि तिने वास घेतला. "आता लाव," म्हणाली. तिच्या नाकावर आता माझा पूर्ण विश्वास आहे.